मंगळवार जुन्यांचा, गुरुवार नव्यांचा

आमच्या ला रोक गावच्या वीज कचेरीत कागदाच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र एकच होतं आणि ते नीट चालवता येणारं माणूसही एकच. सिदोनी केरू. लग्न केलं नव्हतं म्हणून सगळे त्यांना 'मामझेल', म्हणजे कुमारी, म्हणत. चाळिशी उलटली तरी मामझेल, निवृत्त झाल्या तरी मामझेल. १९५१ साली मी तिथे तक्रारींच्या खिडकीवर लागले, तेव्हा माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून आलं. पंधरा वर्षं आम्ही एकाच शेगडीची ऊब घेतली. त्यामुळे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि माझ्या आधीचं आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. एरवी त्या मोजकं बोलत, पण स्टेन्सिल कापायला बसल्या की जीभ सैल व्हायची.

त्यांचे वडील कालव्याचे राखणदार. त्या काळी आमच्या एवढ्याशा खोऱ्यात तीन खाजगी वीज कंपन्या होत्या. त्रुयेर नदीच्या अलीकडे विजेचा दाब एक, पलीकडे दुसरा. पूल ओलांडून सासरी गेलेल्या मुलीने माहेरचा दिवा नेला तर तो मिणमिणायचा, नाहीतर फट्‌दिशी जायचा. त्यांतल्या एका कंपनीच्या कालव्यावर वडील सत्तावीस हिवाळे जाळीवरचा बर्फ फोडत उभे राहिले. बावन्नाव्या वर्षी छातीने जवाब दिला. कंपनीने आभाराचं पत्र पाठवलं आणि त्याच पत्रात खाली, ईस्टरपर्यंत कालव्यावरचं घर रिकामं करावं, असं कळवलं. सही साहेबांची होती. टाइप मात्र मामझेलनीच केलं होतं. त्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्याच कंपनीत टायपिस्ट होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करणार? एक चूक झाली होती, ती खोडून पुन्हा टाइप केलं."

वडील त्याच वर्षी मावशीच्या माडीवर वारले. दोन वर्षांनी, छत्तीसच्या मोठ्या संपात, मामझेल संघटनेत आल्या. कचेरीतल्या बायकांमध्ये पहिल्या. युद्धाच्या काळात संघटनांवर बंदी आली. त्या वर्षांबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "टाइपरायटरला कांद्याचा वास लागला होता." तो त्यांनी मावशीच्या तळघरात कांद्यांच्या ढिगाखाली दडवला होता आणि तिथेच बसून पत्रकं काढली होती, हे मला पुढे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

युद्ध संपल्यावर कामगारांनी आपसात वर्गणी काढून ते सायक्लोस्टाइल यंत्र घेतलं. सेहेचाळीस साली सगळ्या कंपन्या सरकारने एकत्र केल्या. दारावरची जुनी पितळी पाटी उतरवली तेव्हा तिच्याखाली भिंतीचा मूळचा रंग दिसला, फिका निळा. तो पाहायलासुद्धा लोक थांबत होते म्हणे. पाठोपाठ जूनमध्ये कामगारांचे हक्क लिहिलेला मसुदा आला. आजारपणात पगार, खांबावर चढणाऱ्यांना पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि मरेपर्यंत पेन्शन. मामझेलनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत टाइप केला, खोऱ्यातल्या प्रत्येक कामगाराला एकेक प्रत मिळेल इतक्या प्रती काढल्या. पेन्शनचं पान त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची काही गरज नव्हती, असं त्या मला म्हणाल्या.

त्या दिवसांत संघटनेची दोन माणसं पुढे होती. एक अल्बां फ्रेस, लाइनमनचा मुकादम, दरवाजातून वाकून येणारा, आवाज असा की टेलिफोनची गरज नाही. दुसरा एद्मों मोलिनिए, मीटर तपासनीस, किरकोळ अंगाचा, चष्म्याच्या काचा सतत पुसणारा. दोघे एका वर्गात शिकलेले. फ्रेसच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता मोलिनिए होता. त्यांच्या बायका एकाच पातेल्यात अलिगो घोटायच्या, बटाट्यात ताजं चीज घालून त्याला हातभर तार सुटेपर्यंत.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात संघटना फुटली. तशी ती सगळ्या देशात फुटली. एका बाजूचं म्हणणं, संघटना एका राजकीय पक्षाच्या दावणीला बांधली गेली आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फुटणारे मालकांच्या हातचं बाहुलं आहेत. ला रोकमध्ये हे भांडण कॅफेच्या मागच्या खोलीत झालं. मोलिनिए नऊ माणसं घेऊन उठला. दारात फ्रेस म्हणाला, "आज या दारातून गेलास तर माझ्या दाराशी येऊ नकोस." मोलिनिएने चष्मा पुसला आणि गेला. त्याने नवी संघटना काढली. तिच्या नावातच 'कामगारांची ताकद' असे शब्द होते, म्हणून फ्रेस म्हणायचा, "ताकद? नऊ जणांत मिळून एक खांब उचलवत नाही यांना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच वेळी यंत्रासाठी मामझेलच्या टेबलापाशी हजर. यंत्र सगळ्यांच्या वर्गणीचं, म्हणजे दोघांचंही. फ्रेस म्हणे, उचलून नेतो; मोलिनिए म्हणे, हात तर लाव.

मामझेल म्हणाल्या, "न्या की. पण चालवणार कोण?"

त्या यंत्राचा रूळ अर्धा वळसा मागे फिरवून मग पुढे घ्यावा लागे, नाहीतर शाई सगळी अंगावर यायची. तिथेच ठरलं की यंत्र हलायचं नाही. मंगळवार जुन्यांचा, गुरुवार नव्यांचा. मामझेल स्वतः जुन्या संघटनेत राहिल्या. "छत्तीसला जिथे सही केली तिथे आहे," एवढंच कारण त्यांनी दिलं. तरी नव्यांनी त्यांच्यावर कधी संशय घेतला नाही, कारण मोलिनिएच्या व्याकरणाच्या चुकाही त्या तितक्याच काळजीने दुरुस्त करत.

मी लागले तेव्हा ही वहिवाट चौथ्या वर्षात होती. मंगळवारी फ्रेस मजकूर घेऊन यायचा.

"मामझेल, 'मालकाच्या ताटाखालची मांजरं' हे ठळक अक्षरांत घ्या."

"यंत्रात ठळक अक्षरं नाहीत. आणि मांजरं गेल्याच आठवड्यात झाली. या वेळी पगाराच्या श्रेणीबद्दल लिहिणार होतात ना तुम्ही?"

"ते लिहिलंय की, खाली."

"मग ते वर घेते. मांजरांना जागा उरली तर बघू."

जागा कधी उरायची नाही. गुरुवारी मोलिनिए यायचा, त्याच्या कागदावर 'पक्षाचे पोपट' असायचे, आणि पोपटांचीही तीच गत व्हायची. दोघांनाही हे कळत होतं. मला वाटतं, म्हणूनच ते इतकं बिनधास्त लिहायचे.

एरवी ते दोघे एकमेकांशी सहा वर्षं बोलले नाहीत. कामापुरतं तेवढं, तेही टेलिफोनवर आणि अहो-जाहो करून.

एमिलियाँ बुस्के हा फ्रेसच्या टोळीतला लाइनमन. एकोणतीस वर्षांचा, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली, जिना चढतानाच शीळ वाजवत यायचा. तो कुठल्याच संघटनेत नव्हता. दोघांनीही त्याच्यामागे लकडा लावला होता. एकदा मंगळवारी फ्रेससमोरच तो मामझेलना म्हणाला, "ज्या दिवशी सभासदाचं एकच कार्ड असेल, त्या दिवशी मी सगळ्यात आधी रांगेत. तोवर सकाळी फ्रेसच्या शिव्या, संध्याकाळी मोलिनिएच्या. दोन्ही फुकट मिळतात, वर्गणी कशाला भरू?" फ्रेससुद्धा हसला होता.

चौपन्नच्या फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी वरच्या वाड्यांकडे जाणारी लाइन तुटल्याची खबर आली. फ्रेस आणि एमिलियाँ सकाळी निघाले. पद्धत अशी होती की खालच्या स्विच-खोलीत जाऊन लाइन बंद करायची, कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. मग कामाच्या जागेपाशी तारांना साखळी अडकवून ती जमिनीत रोवायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर माणसात न जाता जमिनीत जाईल. साखळी टोळीमागे एकच असे. ती वीज येते त्या बाजूला, म्हणजे स्विच-खोलीच्या बाजूला लावत. फ्रेसने हे सगळं केलं. एमिलियाँ खांबावर चढला, तुटलेल्या तारेपलीकडची तार हातात घेतली आणि तिथेच लटकला.

फ्रेस त्याला खांद्यावर घेऊन दोन-अडीच किलोमीटर बर्फातून रस्त्यापर्यंत आला. डॉक्टरने पाहिलं, टोपी काढली.

चौकशी सुरू झाली. फ्रेस एकच वाक्य सांगत राहिला: "किल्ली माझ्या खिशात होती." तिसऱ्यांदा विचारल्यावर तेही सांगेनासा झाला. त्याला घरी बसायला सांगितलं. गावात कुजबुज सुरू झाली. बंद लाइनीत वीज येते कुठून? एखाद्या वेळी थंडीत बोटं बधिर झाली असतील, खटका नीट पडला नसेल. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण पावाच्या दुकानात फ्रेसच्या बायकोला बघून बायका गप्प व्हायच्या.

मंगळवारी फ्रेस आला नाही. जुन्या संघटनेच्या एका माणसाने मजकूर आणून दिला: 'आमचा कॉम्रेड एमिलियाँ बुस्के.' मामझेलनी तो वाचला, टेबलाच्या खणात ठेवला, म्हणाल्या, शाई गोठली आहे, उद्या बघू. गुरुवारी मोलिनिए आला. त्याच्याही कागदावर 'आमचा कॉम्रेड एमिलियाँ बुस्के'. आणि खाली एक ओळ: 'स्विचची जबाबदारी कुणाची होती, हे कामगारांना कळलं पाहिजे.'

मामझेलनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

"प्रश्न आहे."

"ते दिसतंय मला. तुम्हाला काय वाटतं, फ्रेसने स्विच काढला नाही?"

"लोक विचारतायत, मामझेल."

"लोकांचं मी विचारलं नाही. तुमचं विचारलं."

मोलिनिएने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "तो शाळेतसुद्धा आपल्या दप्तराचं बक्कल तीनतीनदा तपासायचा," तो हळूच म्हणाला. "पण मग वीज आली कुठून? सांगा ना. कुठून आली?"

आता यात मी कशी आले ते सांगते. हे ऐकताना मला माझ्या खिडकीवरची एक बाई आठवली. अपघाताच्या दिवशी वरच्या वाडीतली एक म्हातारी बर्फातून रस्त्यापर्यंत चालत येऊन मग बसने खाली आली होती, वीज गेल्याची तक्रार करायला. चांगली तणतणत होती: "आम्ही मेणबत्त्या लावून बसायचं आणि गाल्तिएच्या वखारीत करवत मात्र सकाळपासून किंचाळतेय! श्रीमंतांची वीज वेगळ्या तारेने येते वाटतं?" मी तिची समजूत घालून तिला पाठवलं आणि विसरून गेले होते.

मी ते सांगितलं. मोलिनिएने ते ऐकलं. मग एकदम उठला.

स्वतःवरच चिडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तो एवढंच म्हणाला, "वखारीचं मीटर माझ्याकडे आहे. शरद ऋतूत गेलो होतो तेव्हा त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी विचारलं नाही."

मामझेलनी कोट चढवला. "चला."

"तुम्ही? एवढ्या बर्फात?"

"साक्षीदार लागेल. आणि तुमचं अक्षर कुणाला वाचता येत नाही."

मीही गेले. कचेरीची गाडी अर्ध्या रस्त्यापर्यंत गेली, पुढे चालत. गाल्तिए हा वखारीचा मालक, वाईट माणूस नव्हे. त्याने आम्हाला आधी आत बोलावून गरम कॉफी दिली. मोलिनिएने कॉफीला हात लावला नाही. त्याने सरळ शेडमध्ये जाऊन ताडपत्री उचलली. खाली जनरेटर होता. त्याच्या तारांचा माग काढत तो मुख्य फळीपाशी पोचला आणि वाकून एकेक जोड तपासला.

"वीज गेली की हा सुरू करता?"

"अर्थात. ओंडके काय बर्फात कुजवू?"

"आणि सुरू करण्याआधी हा मुख्य स्विच काढता?"

गाल्तिएने एकदा स्विचकडे, एकदा मोलिनिएकडे पाहिलं. "तो... काढावा लागतो?"

मुख्य स्विच लावलेलाच होता. त्या दिवशी वखारीतली वीज त्यातून उलटी बाहेर पडली होती, ट्रान्सफॉर्मरमधून जाताना तिचा दाब कित्येक पटींनी वाढला होता आणि वरच्या अंगाने ती लाइनीत शिरली होती. साखळी खालच्या बाजूला. वरून येणाऱ्या विजेला अडवायला मध्ये फक्त एमिलियाँचे हात होते.

गाल्तिएला कळलं तसा तो एका ओंडक्यावर बसला. मामझेलनी वहीत वेळ, तारीख, स्विचची स्थिती, सगळं लिहून घेतलं आणि त्याच्यासमोर सहीसाठी धरलं. त्याने सही केली. त्याच्या हातातून पेन पडलं ते मामझेलनीच उचललं.

परतताना मोलिनिए आमच्यापुढे वीसेक पावलं चालत होता. गाडीपाशी पोचल्यावर म्हणाला, "ती ओळ काढा."

"ओळ नाही," मामझेल म्हणाल्या, "मी दोन्ही कागद बाजूला ठेवणार आहे. स्टेन्सिल एकच कापीन. दोघांचं मिळून."

"आमचे वरचे लोक मला जिवंत सोडणार नाहीत."

"आमचे मला सोडतील असं वाटतं का तुम्हाला?"

तिथून त्या एमिलियाँच्या घरी गेल्या. त्याची बायको नोएमी स्वयंपाकघरात चेस्टनट सोलत बसली होती. डोळे कोरडे, बोटं काळी झालेली. तिला सातवा महिना होता. मामझेलनी वखारीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, सोलत होती.

"काल दोघांची माणसं येऊन गेली," ती म्हणाली. "एकाने विचारलं, पेटीवर आमचा झेंडा घालू का. तासाभराने दुसऱ्याने तेच विचारलं. पेटी एक आहे, मामझेल. मी आईने विणलेली टेबलावरची चादर घालणार आहे. तो तिच्यावर दर रविवारी वाइन सांडायचा. डाग निघाले नाहीत अजून."

"बरं करशील," मामझेल म्हणाल्या. मग त्यांनीही सुरी घेतली आणि दोघींनी मिळून टोपली संपवली.

मोलिनिए त्याच संध्याकाळी फ्रेसच्या दाराशी गेला. सहा वर्षांनी. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. फ्रेसच्या बायकोने पुढे सांगितलं ते एवढंच, की दार उघडल्यावर मोलिनिए म्हणाला, "अल्बां, किल्ली तुझ्या खिशात होती." आणि फ्रेस, तो डोंगराएवढा माणूस, दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. तिने सूपचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि ती मागच्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघे कचेरीत आले आणि पंधरा मिनिटांत पुन्हा भांडायला लागले. पत्रकावर कुणाचं नाव आधी?

"जुनी संघटना आधी. वयाचा मान असतो की नाही?"

"म्हातारं झालं म्हणून पुढची खुर्ची?"

"ज्याने घर सोडलं त्याने दारात उभं राहावं!"

मामझेलनी दोघांना बोलू दिलं. त्यांनी दोन स्टेन्सिल कापल्या. मजकूर अक्षरन्‌अक्षर तोच. एकीवर जुन्यांचं नाव वर, दुसरीवर नव्यांचं. दोनशे प्रती अशा, दोनशे तशा. सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून त्यांनी टेबलावर ठेवला. "आता कुणाला कुठला मिळतो ते ज्याचं त्याचं नशीब."

त्या पत्रकात मांजरं नव्हती, पोपट नव्हते. 'आमचा कॉम्रेड' असंही नव्हतं. सुरुवात होती: 'एमिलियाँ बुस्के, लाइनमन, आपल्यातला.' आणि खाली तीन मागण्या. प्रत्येक टोळीला दोन साखळ्या, कामाच्या दोन्ही बाजूंना लावायला. टोळीत दोनऐवजी तीन माणसं. आणि प्रत्येक खाजगी जनरेटरची तपासणी, त्यावर असा खटका की एका वेळी एकच वीज चालू राहील.

दफनाच्या दिवशी खोऱ्यातले सगळे वीज कामगार तीन तास काम सोडून आले. दवाखाना आणि दूध संकलनाची लाइन तेवढी चालू ठेवली होती. नोएमीने चादर घातली होती. झेंडे दोन्ही संघटनांनी आणले, पण दफनभूमीच्या भिंतीबाहेर टेकवून ठेवले.

साखळ्या एप्रिलमध्ये आल्या. जनरेटरची तपासणी मोलिनिएने स्वतः केली, उन्हाळाभर, वाडी-वाडी पालथी घालून. आणखी चार ठिकाणी तसलेच जोड सापडले. तिसऱ्या माणसासाठी दोन वर्षं आणि आणखी एक संप लागला. गाल्तिएवर खटला झाला, त्याला शिक्षा झाली. पुढे त्याने वखार विकली आणि तो गाव सोडून गेला.

वरून पत्रं मात्र आठवड्याच्या आत आली होती. दोन्ही संघटनांच्या वरिष्ठांची. विरोधकांबरोबर एका कागदावर नाव टाकायची परवानगी कुणी दिली? मोलिनिएला ताकीद मिळाली. मामझेलना जुन्या संघटनेच्या समितीने जिल्ह्याच्या गावी, रोदेझला बोलावलं. त्या सकाळच्या बसने गेल्या, चांगला कोट घालून.

समितीतल्या एका तरुण माणसाने विचारलं, "कॉम्रेड केरू, तुम्ही हा निर्णय कोणत्या अधिकाराने घेतलात?"

"यंत्र मलाच चालवता येतं, त्या अधिकाराने."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. तुम्ही माणूस पाठवा, मी त्याला शिकवते. रूळ अर्धा वळसा मागे घ्यायचा असतो."

त्यांचं कार्ड वर्षभरासाठी काढून घेतलं गेलं. अठरा वर्षांचं कार्ड. हे मला पुढे कळलं; परत आल्या त्या दिवशी त्यांनी आधी कोट खुंटीला लावला. शेगडीत कोळसा घातला, हात शेकले, मग म्हणाल्या, "जेर्मेन, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग फ्रेस अजून कसा आला नाही?" आणि त्यांनी यंत्रावरचं फडकं काढलं.

फ्रेस आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःचं कार्ड होतं. तो म्हणत होता, मीही ते परत पाठवतो, सगळी टोळी पाठवते. मामझेलनी त्याला झापलं. "वेडेपणा करू नका. संघटना काय माझ्या मनासारखी वागली तरच चांगली? बसा. मजकूर द्या." त्या वर्षात मी त्यांना एकदाच डोळे पुसताना पाहिलं, मे दिनाच्या मिरवणुकीला, जेव्हा त्या पहिल्यांदाच फुटपाथवर उभ्या होत्या. फ्रेसने त्यांना पाहिलं, रांग थांबवली आणि हाताला धरून आत ओढलं. कार्ड कुणी विचारलं नाही. वर्षाने ते टपालाने परत आलं, सोबत पत्रबित्र काही नाही.

दोन संघटना पुन्हा कधी एक झाल्या नाहीत. अठ्ठावन्न साली राजकारणावरून फ्रेस आणि मोलिनिए पुन्हा इतके भांडले की मांजरं-पोपट सगळे परत आले. पण आमच्या खोऱ्यात एक रीत पडली: सुरक्षिततेबद्दलचं पत्रक निघालं तर ते दोघांचं मिळूनच निघायचं, अर्धा गठ्ठा असा, अर्धा तसा. आणि ते दोघे एकमेकांना 'अरे' म्हणायला लागले होते ते शिव्या देतानाही 'अरे'च म्हणत राहिले.

नोएमीला मुलगी झाली. पुढे तिला कचेरीच्या खाणावळीत काम मिळालं. मामझेल रोज दुपारी तिथे जेवायच्या आणि रोज सूपमध्ये मीठ कमी असल्याची तक्रार करायच्या, नोएमी म्हणायची, "घरी करून खा मग." दोघींची चांगली गट्टी होती.

सहासष्ट साली मामझेल निवृत्त झाल्या. निरोपाला दोन्ही संघटनांनी मिळून त्यांना कामगारांच्या सुट्टीघराचे पंधरा दिवस दिले, अटलांटिकच्या किनाऱ्यावर. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. एकटीने जायला त्या तयार होईनात, म्हणून नोएमीला आणि बारा वर्षांच्या मुलीला बरोबर घेतलं. मला त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. त्यांचं हस्ताक्षर मी त्याआधी फारसं पाहिलंच नव्हतं. मोठं, गोल, शाळकरी मुलीसारखं होतं. लिहिलं होतं: 'पाणी खरंच खारट आहे. पोरगी दिवसभर त्यातून बाहेर येत नाही. नोएमी गुडघ्यापर्यंत गेली, मी घोट्यापर्यंत. इथला पाव बेकार आहे. उद्या आणखी थोडी आत जाईन म्हणते.'